उपचारांचे कॅलेंडर आणि त्यातले आपले दिवस

२०२२ च्या मे महिन्यात माझ्या डाव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले. त्या आठवड्यात सांगलीच्या घरी भेटायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने उंबरठ्यावर चपला घालता घालता मला ‘आनंदी राहा, अर्धा आजार मनाचा असतो’ असे बजावले. आनंदी कसे राहायचे, हे मात्र त्यांच्यापैकी एकानेही सांगितले नाही. पुढच्या नऊ महिन्यांत शस्त्रक्रिया, लाल औषधाच्या चार केमो, दर आठवड्याला एक अशा बारा केमो आणि पंधरा दिवसांचे रेडिएशन एवढे झाल्यावर मला त्या प्रश्नाचे जे उत्तर सापडले, ते नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपण उदास झालो म्हणून गाठ वाढत नाही आणि हसत राहिलो म्हणून ती विरघळत नाही. ते काम औषधांचे आहे. त्यामुळे रडू आले तर आपण उपचारांत काही कसूर केली, असे मानून आणखी खचण्याचे कारण नाही. आनंद हवा तो एवढ्याचसाठी की हे नऊ महिनेही आपल्याच आयुष्यातून वजा होतात. मी नोकरीची सत्तावीस वर्षे एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात काढली असल्याने मला हा हिशेब चटकन कळला, आणि उपायही हिशेबाचाच सुचला.

माझा अनुभव स्तनाच्या कर्करोगाचा आहे. तुमचा आजार, औषधे आणि त्यांतील अंतर वेगळे असू शकेल. म्हणून खाली दिलेले दिवस जसेच्या तसे न घेता आपल्या डॉक्टरांना विचारून आपले दिवस ठरवावेत.

१. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि दिवसांना नावे द्या

पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा: सर्वांत जास्त थकवा कोणत्या दिवशी येईल, रक्तातील पांढऱ्या पेशी कोणत्या दिवसांत कमी होतील, आणि बरे वाटायला कधी लागेल. मला दर एकवीस दिवसांनी केमो होती. तिचे चित्र ढोबळमानाने असे होते की तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत अंगात त्राण नसे, सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी घटलेल्या असत, आणि पंधराव्या दिवसापासून पुढची केमो येईपर्यंतचा आठवडा पुष्कळसा आपला असे.

स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर मी पहिल्या टप्प्याला लाल, दुसऱ्याला पिवळी आणि तिसऱ्याला हिरवी पेन्सिल फिरवली. शाई वापरू नका, कारण रक्ताचा अहवाल खाली आला की केमो पुढे ढकलली जाते आणि सगळे रंग चार दिवसांनी सरकतात. तसे झाले की नव्या माणसाला मोठा धक्का बसतो. मला तर पहिल्यांदा परीक्षेत नापास झाल्यासारखे वाटले होते. वास्तविक ही नेहमीची बाब आहे आणि वॉर्डातील जुन्या रुग्ण ‘काउंट आला नाही’, म्हणजे पेशींचा आकडा पुरेसा भरला नाही, एवढेच म्हणून डबा उघडत.

या पानाचा खरा उपयोग असा, की लाल दिवशी आनंदी राहण्याची सक्ती स्वतःवर करावी लागत नाही आणि हिरवा दिवस रडण्यात किंवा कपाटे आवरण्यात घालवायचा नसतो, हे डोळ्यांसमोर राहते.

२. कागदांचे काम पहिल्या पंधरवड्यातच उरकून टाका

कागदांचा आणि आनंदाचा काय संबंध, असे वाटेल. परंतु मनाची निम्मी तगमग हरवलेल्या कागदांमुळे आणि पैशांच्या घोरामुळे होते, हे मी खात्रीने सांगते. एक जाड फाइल घ्या आणि तिच्यात तारखेनुसार पुढील कागद लावा: बायॉप्सीचा आणि शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी अहवाल, गाठीच्या पेशींचा प्रकार सांगणाऱ्या आयएचसी तपासणीचा अहवाल, स्कॅनच्या सीडी, हृदयाचा टूडी इको, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक केमोची नोंद आणि रक्ताचे सर्व अहवाल. यांशिवाय आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड आणि पासपोर्ट आकाराची आठ छायाचित्रे वेगळ्या कप्प्यात ठेवा. सर्व कागदांचे फोटो काढून घरातील दोन मोबाइलमध्ये ठेवावेत.

येथे तीन सापळे आहेत. पहिला असा, की गाठीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) प्रयोगशाळेतून मागून घ्यायचे असतात, हे कोणी आपणहून सांगत नाही. दुसरे मत घ्यायचे झाले की ते लागतातच, आणि आमचे ब्लॉक एका प्रयोगशाळेच्या कपाटातून सापडायला अकरा दिवस गेले. दुसरा सापळा योजनेचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्याखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, मात्र त्यासाठी रुग्णालय योजनेत असावे लागते आणि मंजुरी उपचारांच्या आधी घ्यावी लागते. ‘आधी पैसे भरू, नंतर बघू’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकाला बाजूला बसवून थेट रुग्णालयातील आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जा. तिसरा सापळा रेल्वेचा आहे. उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसालाही सवलत मिळते. पण त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. पहिल्या खेपेला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसचे पूर्ण भाडे भरून मुंबईला गेलो आणि ही माहिती परळच्या फुटपाथवर चहा पिताना दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलाकडून मिळाली.

मुंबईत टाटा रुग्णालयात जाणार असाल, तर राहण्याची चौकशी निघण्यापूर्वीच करा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही रुग्ण व नातेवाइकांसाठीची जुनी ठिकाणे आहेत, परंतु तेथे जागा मिळायला थांबावे लागू शकते. प्रत्येक केमोसाठी मुंबईला जाण्याची मात्र गरज नसते. मी दुसरे मत मुंबईत घेतले आणि ठरलेली औषधे घराजवळ घेतली. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील अनेक रुग्णालये आहेत आणि त्यांची उपचारपद्धती ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे समान आहेत. रात्री आपल्या अंथरुणावर झोपायला मिळणे हा त्या काळातील फार मोठा आनंद असतो, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना न संकोचता विचारावा.

३. केमोच्या दिवसाची पिशवी

फाइल, पाण्याची बाटली, शाल, मोजे, हेडफोन, चार्जर, आवळा सुपारी किंवा लिमलेटच्या गोळ्या, थोडा घरचा डबा आणि एक वही. समोरून उघडणारा, सैल बाह्यांचा कपडा घाला, म्हणजे नर्सला पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा शीर शोधताना त्रास होत नाही. आवडीचा पदार्थ त्या दिवशी डब्यात नेऊ नका. मी पहिल्या केमोला हौसेने थालीपीठ नेले आणि पुढचे वर्षभर थालीपिठाचा वास मला सहन झाला नाही. मन त्या दिवशीची मळमळ त्या पदार्थाच्या नावावर टाकून मोकळे होते.

ज्याला सगळे ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन देताना नर्स शेजारी बसून सिरिंजने हळूहळू सोडते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. हे आधी ठाऊक नसल्यामुळे माझ्या शेजारच्या खुर्चीवरील बाई पहिल्या रात्री घाबरून पुन्हा रुग्णालयात आल्या होत्या. पुढच्या केमोला त्यांनीच हा किस्सा इतका रंगवून सांगितला, की सलाइन लावलेल्या आम्ही पाच जणी हसत होतो आणि नर्स ‘हात हलवू नका’ म्हणून ओरडत होती.

४. गोळीमुळे आलेली उदासी ओळखा

ही पायरी मला कोणी आधी सांगितली असती, तर माझे किमान दोन महिने सुखाचे गेले असते. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड देतात. त्याने पहिले दोन-तीन दिवस विलक्षण तरतरी येते, भूक लागते आणि रात्री झोप उडते. मी पहिल्या केमोनंतर रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातले डबे पुसून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. गोळी बंद झाली की चौथ्या-पाचव्या दिवशी मन एकदम खोल जाते. काहीही घडलेले नसताना डोळे भरून येतात आणि आपले सगळे संपले असे वाटू लागते.

दुसऱ्या केमोनंतरही नेमके त्याच दिवशी तसेच झाले तेव्हा मी वहीत मागे जाऊन पाहिले आणि मला हायसे वाटले, कारण उदासी ठरल्या तारखेला येत होती आणि ठरल्या तारखेला जात होती. तिसऱ्या वेळी त्या चौकोनात मी आधीच ‘आज रडू येईल, सातव्या दिवशी थांबेल’ असे लिहून ठेवले. रडू आलेच, पण या वेळी त्याच्यासोबत भीती आली नाही. झोपेसाठी स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, परंतु स्वतःच्या मनाने ती कमी करू नका. उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, हेही आधीच विचारून त्यावरचे औषध जवळ ठेवा. पोट साफ नसेल तर कोणतेही तत्त्वज्ञान उपयोगी पडत नाही.

५. पिवळ्या दिवसांत थर्मामीटर हा घरातला वडीलधारा

पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर त्या क्षणी रुग्णालयाला फोन करून निघायचे असते. क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत वाट पाहणे ही या संपूर्ण वाटेवरील सर्वांत धोक्याची चूक आहे आणि ती मी केली. दुसऱ्या केमोचा नववा दिवस नागपंचमीला आला. नणंदा, भाचे आणि शेजारच्या मुली यांनी घर भरले होते, पुरणाची दिंडे झाली होती आणि मला खोलीत एकटीने बसणे जिवावर आले, म्हणून मी त्यांच्यात जाऊन बसले. दुसऱ्या रात्री १०१ ताप भरला. घरच्यांची झोप मोडायला नको म्हणून मी पहाटेपर्यंत पांघरूण घेऊन पडून राहिले, आणि त्यानंतर सलाइनमधून प्रतिजैविके घेत चार दिवस रुग्णालयात काढावे लागले.

या दिवसांत गर्दी, सर्दी झालेली मुले, बाहेरचे खाणे, कच्ची कोशिंबीर आणि कुंडीतील ओली माती यांपासून दूर राहावे. ताजी फुलेही घरात न आणलेली बरी. दिवसातून चार-पाच वेळा कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा टाकून गुळण्या केल्या, तर तोंड येण्याचा त्रास कमी होतो.

पिवळे दिवस एकांताचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी घरात बसून होणारे आनंद साठवून ठेवा. मी जुने दिवाळी अंक आधीच रद्दीवाल्याकडून किलोवर आणून, उन्हात तापवून, पलंगाखाली रचले होते. शब्दकोडी, आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरची सकाळची गाणी आणि दुपारी मुंबईच्या भाचीबरोबर फोनवरून खेळायच्या गावांच्या नावांच्या भेंड्या, एवढ्यावर माझे आठ दिवस जात. मोठे पुस्तक मात्र हाती घेऊ नका. केमोच्या काळात लक्ष टिकत नाही, एकच पान तीनदा वाचावे लागते आणि मग आपली बुद्धीच गेली असे वाटू लागते. ते उपचारांनंतर हळूहळू परत येते.

६. जिभेशी भांडू नका

तोंडात लोखंडाची चव येते. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा घेतला की ती थोडी कमी होते. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून लाल दिवसांत दहीभात, ताकातली नाचणीची आंबील आणि मुगाचे गार झालेले कढण यांवर भर द्या. फोडणीच्या वेळी घराबाहेर किंवा गच्चीवर जाऊन बसा.

माझ्या खाण्याचा आनंद एका पदार्थात अडकलेला होता, आणि तो म्हणजे भडंग. तोंड आलेले असताना लसूण-तिखट लावलेले चुरमुरे म्हणजे जखमेवर मीठच. म्हणून मी हिरव्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात ‘भडंग’ असे लिहून ठेवले आणि पुढचे चौदा दिवस ते वाचत काढले. कोणताही पदार्थ कायमचा सोडला असे म्हणू नका, त्याला तारीख द्या.

आणि काढे. हळदीच्या पेठेत राहणाऱ्या बाईला हळदीचे जेवढे सल्ले मिळाले असतील, तेवढे क्वचितच कोणाला मिळाले असतील. गोमूत्र, गव्हांकुर, हिमालयातील कसली मुळी, सगळे दाराशी आले. यांतील काही वस्तू केमोच्या औषधांत ढवळाढवळ करू शकतात किंवा यकृताला जड जाऊ शकतात, त्यामुळे देणाऱ्याला ‘डॉक्टरांना विचारून घेते’ असे म्हणावे. भाजीतली हळद अर्थात तशीच चालू ठेवावी.

७. केस जाण्यापूर्वी आपणच पुढाकार घ्या

पहिल्या केमोनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस हातात येऊ लागतात. उशीवर, भातात, न्हाणीच्या जाळीवर केस दिसत राहणे हे संपूर्ण टकलापेक्षा जास्त त्रासदायक असते. म्हणून गळती सुरू होताच ट्रिमर फिरवून घ्या. वस्तरा वापरू नका, कारण जखम झाली तर ती भरायला वेळ लागतो. माझे केस माझ्या मुलाने गच्चीत कापले. त्याने आधी मला दोन मिनिटे त्याच्या आवडत्या क्रिकेटपटूची केशरचना दिली, फोटो काढला आणि मग उरलेले साफ केले. तो फोटो आजही आमच्या फ्रिजवर आहे.

रेशमी रुमाल टाळूवरून घसरतो, सुती टिकतो. सासूबाईंनी ट्रंकेतून त्यांचे विरलेले इरकल काढले आणि स्वतःच कात्री चालवून त्याचे पाच चौकोनी रुमाल शिवले. पदराची पट्टी बरोबर कपाळावर येईल असे त्यांनी बेतले होते. विग घ्यायचा असेल तर केस असतानाच माप देऊन ठेवा. काही संस्था दान केलेल्या केसांचे विग मोफत देतात, रुग्णालयातील समाजसेवा विभागात चौकशी करावी. सांगलीच्या उकाड्यात मी तो दोनदाच घातला. भुवया आणि पापण्याही जातात, हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवते.

८. भेटायला येणाऱ्यांची व्यवस्था लावा

माणसे प्रेमाने येतात, पण आमच्या मामेसासूबाईंना कर्करोगाने गेलेल्या सर्व ओळखीच्यांची यादी तोंडपाठ होती आणि ती त्या चहा संपेपर्यंत म्हणत. यावर उपाय म्हणजे घरातील एका माणसाला द्वारपाल नेमणे. आमच्याकडे ते काम यजमानांनी केले. सर्व फोन त्यांच्याकडे जात, आणि नातेवाइकांच्या गटात त्यांनी एक संदेश टाकला: ‘प्रकृती ठीक आहे. भेटायला पंधराव्या दिवसानंतर संध्याकाळी पाच ते सहा यावे. आजाराव्यतिरिक्त कोणत्याही विषयावर बोलावे. येताना फळे नकोत, घडलेला एखादा विनोदी प्रसंग आणावा.’ शेवटचे वाक्य मी सांगून घालायला लावले होते. चार-दोन जण रागावले, बाकीचे खरोखरच प्रसंग घेऊन आले.

घरच्यांसमोर सतत उसने अवसान आणू नका. मी तसे आणत होते आणि यजमानही माझ्यासमोर तसेच आणत होते. एका रात्री दोघेही थकून एकाच वेळी रडलो, आणि त्यानंतर घरात बोलणे सोपे झाले. मुलांना आजाराचे नाव सांगून टाकावे; नाहीतर त्यांना ते शेजाऱ्यांकडून कळते, आणि मग ती आपल्याला सांभाळण्यासाठी गप्प राहू लागतात.

९. हिरवा आठवडा उधळून टाका

येथे हात आखडता घेऊ नका. तिसरी केमो १५ ऑगस्टच्या सुटीमुळे १६ तारखेला झाली, आणि ३१ ऑगस्टची गणेश चतुर्थी नेमकी सोळाव्या दिवशी आली. पानावर तो हिरवा चौकोन दिसल्यापासून घरात सगळ्यांनी त्याची तयारी केली. आदल्या दिवशी रक्त तपासले, काउंट चांगला होता. मोदकांची उकड मी मळली नाही, पण पाऱ्या केल्या; सात कळ्यांच्या पुढे बोटे गेली नाहीत. मिरवणुकीला गेले नाही, आरतीला मास्क लावून उभी राहिले. दुसऱ्या एका हिरव्या आठवड्यात आम्ही हरिपूरला गेलो, चिंचांच्या रस्त्याने गाडी हळू चालवत, आणि संगमाच्या पायऱ्यांवर बसून कृष्णा आणि वारणा यांच्या पाण्याचे रंग कुठे मिसळतात यावर वाद घातला.

ठरवताना एवढेच पाहा, की एका दिवशी एकच मोठी गोष्ट असावी आणि तिच्या आधी व नंतर झोपायला वेळ असावा. कार्यालयातील हलके काम जमत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर आठवड्यातून दोन दिवस तेही करावे. मी घरून जुन्या नोंदींचा ताळा जुळवून देत असे. बेरीज जुळली की आपण रुग्ण नसून अजून लेखनिकच आहोत, असे वाटे.

बारा आठवडी केमो सुरू झाली तेव्हा हे पान बदलले. त्यातल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने मला लाल दिवस दोनच राहिले, परंतु हातापायांची बोटे बधिर होऊ लागली आणि ब्लाउजचे हुक लागेनासे झाले. असे झाल्यास लगेच सांगा, डोस कमी करता येतो. घरात अनवाणी फिरू नका आणि गरम भांडे उचलताना बोटांवर विश्वास ठेवू नका. मी त्या काळात भरतकाम सोडून दिले आणि चिकणमातीचे बैल केले.

१०. चाला, आणि दारावर रेघा ओढा

थकवा घालवण्यासाठी पडून राहावे असे वाटते, पण नियमित थोडे चालण्याने तो कमी होतो हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. लाल दिवसांत पलंगापासून तुळशीपर्यंत, हिरव्यात आयर्विन पुलापर्यंत, असे अंतर मी ठेवले होते.

शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात वर जाण्यासाठी भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम देतात. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलाच्या लहानपणीच्या उंचीच्या खुणा होत्या. त्याच चौकटीच्या दुसऱ्या अंगाला मी दर रविवारी बोट पोहोचेल तेथे रेघ ओढू लागले. जानेवारीत मी मुलाच्या सातवीतल्या खुणेच्या वर गेले, तेव्हा त्याने पेढे आणले. रेडिएशनसाठी तो हात डोक्यावर धरून स्थिर पडावे लागते, तेव्हा या व्यायामाचे मोल कळते. रेडिएशनच्या खुणा घासून काढू नका, आणि त्या त्वचेवर विचारल्याशिवाय पावडर किंवा मलम लावू नका.

११. कॅलेंडरमध्ये न बसणारी उदासी

उदासी लाल दिवसांपुरती न राहता दोन आठवडे जवळपास रोज टिकली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप-भूक गेली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर ते डॉक्टरांना तापाइतक्याच तातडीने सांगा. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र मानसोपचार विभाग असतो. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरील गोळी चालू असेल तर तसे मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगावे, कारण नैराश्यावरील काही गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात. गोळ्या घेणे हा कमकुवतपणा आहे असे म्हणणाऱ्याला मधुमेहाच्या गोळ्या चालतात, हे मी पाहिले आहे.

१२. उपचार संपल्यावरचे रिकामे पान

फेब्रुवारीत शेवटचे रेडिएशन झाले, सर्वांनी अभिनंदन केले आणि दुसऱ्या दिवशी मला कमालीचे पोरके वाटले. नऊ महिने दर आठवड्याला कोणीतरी आपले रक्त पाहत होते, आता पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी. हे जवळपास सर्वांना होते, म्हणून शेवटच्या उपचाराच्या पुढच्या आठवड्यात काहीतरी ठरवून ठेवा. मी चिकणमातीच्या वर्गात नाव घातले. तेथे माझ्या आजाराबद्दल कोणालाच माहिती नव्हती आणि माझ्या बैलांना शिंगे नीट येत नाहीत, एवढीच माझी ओळख होती.

तपासणीची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. तो अजूनही येतो. अहवाल हाती येईपर्यंतची दुपार कशात घालवायची हे मी आता ठरवून टाकले आहे. त्या दुपारी मी भडंग करते, कारण चुरमुरे मंद आचेवर सारखे परतत राहावे लागतात, दोन्ही हातांना तेल-तिखट लागलेले असते आणि मोबाइल वाजला तरी तो दुसऱ्या कोणालातरी उचलावा लागतो.